बांधावरची बाभूळ सरपणाच्या भावाने देऊ नका



कापूस विकताना आपण धाग्याची लांबी सांगतो. ज्वारी विकताना दाणा तळहातावर घेऊन दाखवतो. बांधावरची बाभूळ मात्र उभीच, उक्ती देऊन टाकतो. केज तालुक्यात हे आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. लग्न, दवाखाना नाहीतर पेरणीची नड आली की व्यापारी बांधावर येतो, झाडाभोवती एक फेरी मारतो आणि सरपणाचा आकडा सांगतो. बुंधा आणि फांद्या एकाच भावात जातात.

हे लाकूड काय आहे ते आधी समजून घेऊ. वाळलेला साग घनमीटरला सुमारे 650 किलो भरतो, बाभूळ 800च्या आसपास. सागापेक्षा ती कठीण आणि धक्का सोसणारी. म्हणूनच वाडवडिलांनी गाडीचा तुंबा, आरे, तिफण, वखर यांना बाभूळच धरली. गाड्या आता कमी झाल्या, हे खरे. पण कुऱ्हाड-कुदळीचे दांडे, चौकटी, बाजा अजून लागतातच.

तिचे दोषही आम्ही लपवत नाही. सालीखालचे पांढरे लाकूड किडते, आतला तांबूस गाभा टिकतो. वाळल्यावर ती सुताराची हत्यारे बोथट करते. म्हणून हिवाळ्यात तोडावी, साल काढून ओली असतानाच चिरावी आणि सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, सावकाश वाळवावी. भर उन्हात टाकली तर तडकते. काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवली तर कीड कमी लागते, हे जुन्या सुतारांना ठाऊक आहे.

वेडी बाभूळ वेगळी; ती अमेरिकेतून आलेली. तिच्या भावाने गावरान बाभूळ मोजू देऊ नका. नवीन लावायची तर रामकाठी लावा. ती सरळ वर जाते, पिकावर सावली कमी पडते.

1966च्या जमीन महसूल अधिनियमाचे कलम 25 सांगते की, कायद्याने मनाई नसेल तर आपल्या जमिनीतले झाड आपलेच. तरी तोडण्याआधी परवानगीची चौकशी करा. मग बुंधा सुताराला दाखवा. बुंध्याचा भाव घेर आणि लांबी मोजून ठरवा, फांद्या वजनावर द्या. एकट्याने जमत नसेल तर गावातल्या पाच-दहा जणांनी मिळून विका.

नड आहे म्हणून झाड विकावे लागेल. पण आपली नड पाहून कोणी इमारती लाकडाला सरपण म्हणत असेल, तर मान डोलवू नका. पुढच्या बैठकीला येताना आपल्या गावात बाभूळ कोणत्या भावाने गेली आणि बुंध्याचा घेर किती होता, तेवढे लिहून आणा.