तीन टोकांचा तारा आणि लग्नाचा पैसा



यंदाच्या लग्नसराईत मुरबाड तालुक्यातल्या एका मंगल परिणयाला जाण्याचा योग आला. दुपारचे बारा वाजून गेले होते. मांडव तापला होता, बौद्धाचार्य घड्याळाकडे बघत होते. तेवढ्यात बौद्धवाड्याच्या रस्त्याने धूळ उडवीत एक पांढरीशुभ्र मोटार आली. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा चकचकीत तारा. मर्सिडीज! पोरांनी गाडीला गराडा घातला. एका म्हाताऱ्या बाबांनी तर आधी हात धोतराला पुसला आणि मग तो गाडीवर ठेवला. नवरदेव उतरला, फोटो झाले, आणि पहिली पंगत उठायच्या आत गाडी परत गेली. गाडी भाड्याची होती, तासांच्या हिशेबाने ठरवलेली.

जेवताना नवरदेवाचे वडील शेजारी येऊन बसले. एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. बोलता बोलता म्हणाले, "दादा, धाकट्याला डिप्लोमाला घालायचे होते. यंदा काही जमेलसे वाटत नाही."

"अहो, पण शिष्यवृत्ती आहे ना?"

"आहे. पण ती हातात पडेपर्यंत खोलीचे भाडे नि मेसचे पैसे कोण भरणार?"

मी पुढे काही विचारले नाही. त्यांची नजर गाडी गेली त्या रस्त्याकडे होती.

त्या घरावर टीका करण्यासाठी हे लिहीत नाही. मोटारीची हौस आपल्याच माणसाला का, असे जे नाक मुरडून विचारतात, त्यांनी आधी आपला इतिहास वाचावा. सन १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीमराव भाऊ-भाच्यांसह मसूर स्टेशनावर उतरला. जात कळताच एकही बैलगाडीवाला त्या मुलांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण राजी झाला. तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार, या अटीवर. पुढे १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. तेव्हा ते बॅरिस्टर होते. तरीही टांगेवाल्याने त्यांना बसवून टांगा हाकायला नकार दिला. आपल्या लोकांनी नुसता टांगा मिळवला आणि सवय नसलेला आपलाच माणूस तो हाकायला बसला. पुलावर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. हे त्यांनी स्वतः आठवणींत लिहून ठेवले आहे.

ज्यांच्या आजोबा-पणजोबांना बैलगाडीतही जागा नव्हती, त्यांच्या नातवाला लग्नाच्या दिवशी उत्तम वाहनातून यावेसे वाटले तर त्यात गैर काय? काहीच नाही. तो मानाचा प्रश्न आहे. पण ज्या ताऱ्यात आपण मान शोधतो तो आला कुठून, हेही एकदा समजून घेऊ या.

जर्मनीत कार्ल बेंझ नावाचा मुलगा होता. वडील रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर. मुलगा दोन वर्षांचा असतानाच ते वारले. आपल्या कसारा-इगतपुरीच्या रेल्वे चाळीत अशी घरे पुष्कळ पाहायला मिळतील. विधवा आईने हलाखीत दिवस काढले, पण मुलाची शाळा सोडवली नाही. त्याला तांत्रिक शिक्षण दिले. पुढे त्याने मॅनहाइम गावात भागीदारीत छोटा कारखाना काढला. भागीदाराशी पटेना, धंदा बुडायची वेळ आली. तेव्हा त्याची वाग्दत्त वधू बर्था हिने १८७१ साली, लग्नाच्या आधीच, आपल्या हुंड्याचा पैसा त्या कारखान्यात घातला आणि भागीदाराचा हिस्सा सोडवून घेतला. हुंडा ही चाल वाईटच. तिची भलामण कुणी करू नये. पण तो पैसा मांडवात उडाला नाही. तो लोखंडात, हत्यारांत आणि एका माणसाच्या बुद्धीत गुंतला, एवढे ध्यानात ठेवा.

२९ जानेवारी १८८६ रोजी बेंझने तीन चाकी मोटारगाडीचे पेटंट नोंदवले. गाडी तयार झाली, पण घ्यायला कुणी धजेना. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वासच नव्हता. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्थाबाईंनी एक धाडस केले. नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, पहाटे ती गाडी बाहेर काढली आणि थेट माहेरी निघाल्या! अंतर शंभर किलोमीटरच्या वर. शहापूरहून कसारा घाट चढून नाशिकला जाण्याइतके, किंबहुना थोडे जास्तच. वाटेत इंधन संपले तेव्हा एका औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रव्य विकत घेऊन तेच टाकीत ओतले. नळीत कचरा अडकला तो टोपीच्या पिनेने काढला. चढावर मुलांनी उतरून गाडी ढकलली. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या गावात एका चांभाराकडून त्यावर कातडे ठोकून घेतले.

वाचकहो, जगातल्या पहिल्या लांब पल्ल्याच्या मोटारप्रवासाची चालक एक बाई होती आणि ती माहेराला निघाली होती. त्या गाडीचा ब्रेक लागता केला तो एका चर्मकाराच्या हाताने. जाहिरातीत चकचकीत गाडी दिसते, त्या कारागिराचे मात्र नावही कुणी लिहून ठेवलेले नाही.

त्याच काळात स्टुटगार्टजवळ गॉटलिब डाइमलर स्वतंत्रपणे इंजिनावर काम करीत होता. हा बेकरीवाल्याचा मुलगा. त्याचा उजवा हात होता विल्हेल्म मायबाख. सुताराचा पोर, दहाव्या वर्षी आईबापांविना पोरका झाला आणि अनाथांच्या संस्थेत वाढला. तिथल्याच कार्यशाळेत तो काम शिकला. आज 'मायबाख' या नावाची गाडी कोट्यवधी रुपयांना विकली जाते. त्या नावामागे अनाथालयातले एक पोर आहे, हे गाडीत बसणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

'मर्सिडीज' हे मात्र एका लहान मुलीचे नाव. एमिल येलिनेक या यहुदी घराण्यातल्या व्यापाऱ्याने डाइमलर कंपनीकडे एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि नव्या गाडीला आपल्या मुलीचे नाव द्यायला लावले. १९०१ साली फ्रान्समधल्या नीस शहराच्या शर्यतींत ती गाडी गाजली. तीन टोकांचा तारा १९०९ साली नोंदवला गेला. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणी आमची इंजिने चालतील, असा त्याचा अर्थ. डाइमलर आणि बेंझ या दोन कंपन्या एक झाल्या त्या १९२६ मध्ये.

या ताऱ्याला काळी बाजूही आहे. हिटलरच्या राज्यात ही कंपनी युद्धसामग्री बनवत होती. १९४४ साली तिच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे हे सक्तीने आणलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. यहुदी बापाच्या मुलीचे नाव मिरवणाऱ्या कारखान्यात यहुद्यांना गुलाम म्हणून राबवले गेले. युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी कंपनीने हा इतिहास तपासून प्रसिद्ध केला आणि नुकसानभरपाईही दिली. पण त्यामुळे गेलेले जीव काही परत आले नाहीत.

आता आपल्या भागात येऊ. शहापूरच्या जुन्या माणसांना हा तारा नवा नाही. १९५४ साली टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. १९६९ पर्यंत, म्हणजे १५ वर्षे, त्या ट्रकच्या जाळीवर हाच तीन टोकांचा तारा असे. मुंबई-आग्रा रोडने शहापूरवरून कसारा घाट चढणारे 'टाटा-मर्सिडीज' ट्रक म्हणजे धान्य, सिमेंट, लोखंड वाहणारी कष्टाची वाहने. तेव्हा या ताऱ्याखाली क्लीनर, ड्रायव्हर आणि हमाल घाम गाळत होते. म्हणजे श्रीमंतीची निशाणी म्हणून आपल्या दारात येण्याच्या कितीतरी आधी हा तारा आपल्या घामाच्या ओळखीचा होता.

आज त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याचा डोंगर आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पार होतो. आलिशान गाड्या त्यावरून वाऱ्यासारख्या जातात. आपल्या मोटारसायकलीला मात्र त्यावर परवानगी नाही. आणि हेही विसरू नका की १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शहापूर तालुक्यात सरळांबे इथे याच रस्त्याच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर चढवण्याचे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. गाडी वापरणाऱ्याचे नाव होते. रस्ता बांधणारा मात्र एका दिवसाची बातमी होऊन विसरला जातो.

मग या गाडीचे एवढे आकर्षण कशाचे? नुसत्या दिखाऊपणाचे म्हणाल तर तो अन्याय होईल. हे काम खरोखर उत्तम आहे. धडक बसली तर गाडीचा पुढचा-मागचा भाग चेपावा आणि माणसे बसतात तो मधला भाग शाबूत राहावा, ही कल्पना याच कंपनीतल्या बेला बारेनी या अभियंत्याची. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा १९७८ साली या कंपनीच्या मोठ्या गाडीत आली. त्या वेळी ती श्रीमंतांची चैन होती. आज भारतात नव्या साध्या मोटारीलाही ती बंधनकारक आहे. म्हणजे तो तारा विकत घेण्याची ऐपत आपल्याला नसली, तरी त्यामागची विद्या फिरून आपल्यापर्यंत आली. वस्तू एकाच्याच अंगणात उभी राहते. विद्येचे तसे नसते.

इथेच मला त्या लग्नातल्या धाकट्या मुलाची आठवण येते. १९९४ साली ही कंपनी भारतात आली आणि १९९५ पासून तिच्या गाड्या पुण्याजवळ जोडल्या जाऊ लागल्या. २००९ साली कारखाना चाकणला गेला. मुरबाडहून टोकावडे मागे टाकून माळशेज घाट चढावा, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर ओलांडावे की आले चाकण. नवरदेवाची ती पांढरी गाडी जिथे जोडली जाते ती जागा आपल्या घाटाच्या पलीकडेच आहे! पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तर या कंपनीच्या सहकार्याने मोटार-मेकॅट्रॉनिक्सचा प्रगत पदविका अभ्यासक्रमही सुरू झाला. अशा अभ्यासक्रमाला जायचे तर आधी डिप्लोमा हवा. तोच नेमका आपण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बाजूला ठेवतो.

घरात लग्नासाठी साठवलेला पैसा असतो. तो भिशीचा असतो, पतपेढीचा असतो, आईच्या कानांतल्या फुलांचा असतो. बर्थाबाईंनी लग्नाचा पैसा घातला आणि त्यातून मोटार जन्माला आली. आपण लग्नाचा पैसा घालतो आणि ती मोटार दोन तासांसाठी दारात आणतो. फरक एवढाच आहे, पण तो दोन पिढ्यांचा फरक आहे.

कुणी म्हणेल, म्हणजे आम्ही हौस करूच नये का? जरूर करावी. ज्याला ऐपत आहे त्याने गाडी आणावी, स्वतःच्या मालकीचीसुद्धा घ्यावी. आपल्या समाजातला माणूस स्वतःच्या गाडीतून उतरला तर आनंदच आहे. माझे म्हणणे इतकेच की लग्नाची बैठक बसेल तेव्हा खर्चाच्या यादीत सर्वांत वर, मांडव, डीजे आणि गाडी यांच्या आधी, एक ओळ लिहावी: घरात शिकणारे मूल कोण आहे आणि त्याच्या वर्षाच्या राहण्या-खाण्याला किती लागेल. ती रक्कम बाजूला काढून उरेल त्यात खुशाल हौस करा. आणि मुलीकडच्यांनीही 'नवरदेव कशातून येणार?' असे विचारण्याआधी 'धाकटा काय शिकतो?' असे विचारावे.

परत निघताना मी त्या धाकट्याला हाक मारली. विचारले, "गाडी आवडली का रे?"

तो म्हणाला, "आवडली. पण ड्रायव्हरने बॉनेट उघडून दाखवले नाही."

त्याला बॉनेटखालचे बघायचे होते. मी त्याच्या वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "प्रवेशाची तारीख गेली नाही अजून. बघतो काहीतरी."

आपल्या घरातही असा एखादा बॉनेटखाली डोकावणारा असेल. तो कोण, हे आज रात्री जेवताना विचारून पाहा.