अनधिकार चर्चा कोणती?

संपादक महाशय,


आपल्या गतांकात एका पत्रलेखकांनी असा अभिप्राय नमूद केला आहे की, ज्याने वाइन-परीक्षणाचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही अशा हौशी माणसाने निरनिराळ्या वाइन चाखून मत जाहीर करणे ही अनधिकार चर्चा होय. हे मत मला सर्वस्वी अमान्य आहे.

दिंडोरी परिसरातील वाइन चाखून मी वर्षानुवर्षे टिपणे ठेवीत आलो आहे, आणि जी शेनँ ब्लां नावाची पांढरी वाइन प्रथम निव्वळ आंबट ठरवून मी निकालात काढली होती, तिच्यातच, ती बेताची गार करून सावकाश घेतली असता, पिकत्या पेरूचा गंध मला स्पष्ट जाणवला. उलट शिराझ ही लाल वाइन अतिथंड घेतली, तर सालीबियांतून उतरलेला तिचा तुरटपणाच जिभेवर अंमल गाजवतो आणि मिऱ्यासारखा तिचा सुवास, जो मला विशेष प्रिय आहे, पार दबून जातो, हे मला कोणत्याही ग्रंथावाचून उमगले.

तज्ज्ञांचा अधिकार मी नाकारीत नाही. परंतु २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे लेबले झाकून झालेल्या परीक्षेत, नामांकित फ्रेंच परीक्षकांच्याच गुणांनी, लाल व पांढऱ्या या दोन्ही वर्गांत कॅलिफोर्नियाच्या १९७३ सालच्या वाइन अव्वल ठरल्या, ही गोष्ट पत्रलेखकांनी विचारात घ्यावी, आणि पुढील खेपेस स्वतःही बाटली फडक्याने झाकूनच पेला भरावा, एवढी माझी त्यांना विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक