पाच हजार की साडेतीन?

कर्जाचं स्टेटमेंट एकदा चष्मा लावून वाचावं. ३० लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता साधारण २६,०३५ रुपये. पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसत्या व्याजात जातात. माझ्या भाचीने हे पाहिलं आणि खर्चाला कात्री लावली. रविवारी रात्री चूल न पेटवणं हा आपल्या बडोद्यात जवळजवळ धर्मच, पण तोही तिने मोडला. हप्त्याशिवाय दरमहा पाच हजार मुद्दलात भरायचे ठरले. व्याजदर तोच राहिला तर कर्ज पावणेचौदा वर्षांत फिटतं आणि व्याजाचे साडेअकरा लाखांहून जास्त वाचतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर बँक मुदतीआधी फेडल्याचा दंड घेत नाही. मात्र 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्यावं.

हिशेब पाहताना कळलं, त्या पाच हजारांत दीड हजार मेडिक्लेमचे होते. "मावशी, आम्ही दोघं धडधाकट आहोत, यंदा नाही भरत." घरात तीन वर्षांचं पोर! साध्या कर्जात भरलेलं मुद्दल दवाखान्याच्या वेळी परत मागता येत नाही, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. जावई लगेच पटले. भाचीने गणित पुन्हा मांडलं: साडेतीन हजार भरले तर १५ वर्षं.

मेडिक्लेम भरला. पण वाढलेलं ते सव्वा वर्ष तिला अजून खुपतंय.