आडनावाची आडवाट

कुळाचा शोध घेणारा माणूस बहुधा उत्तर सोबत घेऊनच घराबाहेर पडतो. कागद त्याला हवे असतात ते त्या उत्तराच्या पुष्टीपुरते. हे विधान प्रथम मला स्वतःलाच लागू आहे.

आमचे आडनाव 'कर'प्रत्ययान्त. त्या नावाचे गाव कोकणात आहे, तेव्हा आपण मूळचे तिथले, याविषयी घरात कुणाला कधी शंका नव्हती. मीही त्या गावी दोन सुट्ट्या खर्ची घातल्या. पुढे पणजोबांच्या जमिनीचा एक मोडी कागद जाणकाराकडून वाचून घेतला. त्यात आडनाव निराळे, गाव घाटावरचे, आणि कोकणातल्या 'आमच्या' गावाचा उल्लेख केवळ 'हल्ली वस्ती' एवढाच! नोकरीच्या निमित्ताने झालेला मुक्काम पुढच्या पिढीत आडनाव होऊन बसला होता. आडनाव वंशाइतकेच जुने असते हे माझे गृहीतक चुकीचे होते. गाव शोधण्यात चूक नव्हती.

मी राहतो त्या देवनारच्या आसपास, तसेच साष्टीतल्या जुन्या गावठाणांत, ईस्ट इंडियन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्यातल्या एका विद्यार्थिनीने एकदा मोठ्या विश्वासाने सांगितले, "सर, आमचे पूर्वज पोर्तुगीज." आधार विचारला, तर आडनाव! १५३४च्या तहाने वसई आणि तिच्या अखत्यारीतला मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. धर्मांतरितांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळे. ते नाव दीक्षेची खूण असते, रक्ताची नव्हे. खुद्द 'ईस्ट इंडियन' ही संज्ञा १८८७ची, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातली. गोवा-मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती बांधवांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी स्वीकारलेली. त्या मुलीची आजी घरात जी मराठी बोली बोलते, तिच्याकडे मात्र नातीने पुरावा म्हणून कधी पाहिलेच नव्हते.

याहून खोल रुतलेले गृहीतक म्हणजे कुळ पुरुषांकडूनच वाहते. आपले अनेक जुने कुलवृत्तांत उघडून पाहावेत: मुलाखाली मुलगा, त्याखाली नातू, लेकी मध्येच थांबतात. विवाहात आडनाव बदलते आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही. म्हणजे वंशावळीतली निम्मी माणसे शोधणाऱ्याच्या हाती लागू नयेत, अशीच त्या वृक्षाची छाटणी झालेली असते.

साहित्याच्या अभ्यासकाला खरे तर हे नवे नाही. राजवाड्यांनी १९२४ साली 'महिकावतीची बखर' संपादित केली, तेव्हा निरनिराळ्या काळांतली प्रकरणे एका बांधणीत आली आहेत हे ओळखून ती वेगळी काढली. संहितेचे थर सोडवण्याची ही शिस्त आपण वर्गात शिकवतो आणि घरच्या कथेपुढे विसरतो. कोणी सांगितले, केव्हा, कुणासाठी, हे प्रश्न आजोबांच्या आठवणीलाही विचारावे लागतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळींनाही ते चुकत नाहीत. तिथेही नोंद होते ती यात्रेकरूने सांगितली तेवढीच.

ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींच्या शोधात मोडी दप्तरे पुन्हा उघडली. जुन्या कागदातल्या एका शब्दावर एखाद्या घरातल्या मुलाचा प्रवेश वा नोकरी अवलंबून असू शकते. अशा वेळी हवा तोच शब्द वाचण्याचा मोह प्रत्येकाला होणार. म्हणूनच वाचणाऱ्याने तटस्थ असावे, ही अपेक्षा आता अधिकच कडक हवी.

मग खोटी ठरलेली कथा टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. ती पूर्वजांविषयी खरे सांगत नसेल, पण ज्यांनी ती जपली त्यांना काय व्हावेसे वाटत होते, हे अचूक सांगते. वंशावळीच्या वहीत मी आता दोन रकाने ठेवले आहेत, एक 'कागद म्हणतो' आणि दुसरा 'घर म्हणते'. दोहोंतले अंतर वाचता येऊ लागले, की शोध सुरू झाला म्हणायचे.