मांड

घोड्यावरील पक्क्या बैठकीला आपल्या भाषेत ‘मांड’ हा नेमका शब्द आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे कित्येक घरांतून बारगीर-शिलेदार निघाले. परंतु मांड ही वडिलोपार्जित मिळकत नव्हे. एकाच जन्मातसुद्धा ती हातची जाते. रपेट थांबली, की दोन-तीन आठवड्यांतच दम उणावू लागतो आणि पुढे मांड्यांचे व कमरेचे स्नायू सैलावतात. अंगवळणी पडलेले कसब त्या मानाने पुष्कळ काळ टिकते, आणि आमच्या मते धोका आहे तो येथेच. जुना स्वार जुन्याच भरवशावर दुडकी धरतो, खोगिरावर आदळू लागतो, टाचा वर येतात, आणि तोल सावरण्यासाठी तो लगामालाच लोंबकळतो. कडियाळे रुतते ते मुक्या जनावराच्या तोंडात! (पाठदुखीची तक्रार मात्र स्वारच करतो.) म्हणून खंडानंतरचे पहिले काही दिवस जाणत्या माणसाने लांब दोरावर गोल फिरविलेल्या घोड्यावर, लगाम हाती न घेता, संथ चालीनेच बसावे, असे आम्ही सुचवू. स्वाराचा तोल तेथे हळूहळू परततो, आणि तोवर घोड्याचे तोंडही वाचते.