शब्दभेद : ड्रॉअर आणि ड्रॉई

वाशीतील एका व्यापारी स्नेह्यांना मिळालेला धनादेश न वटता परत आला. मेमोवर शेरा होता, ‘रेफर टू ड्रॉअर’. ते बँकेकडेच खुलासा मागत राहिले आणि दिवस निघून गेले.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार धनादेश लिहून देणारा तो ड्रॉअर. ज्या बँकेवर तो काढला जातो ती ड्रॉई. म्हणजे विचारणा करायची ती लिहून देणाऱ्याकडे. कलम १३८ खाली दाद मागायची असल्यास, धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत ड्रॉअरला लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर रक्कम चुकती करण्यास त्याला १५ दिवस असतात.

खूण सोपी आहे : कामावर ठेवणारा एम्प्लॉयर, ठेवला जाणारा एम्प्लॉयी. मेमो हाती येताच आधी शब्द नीट वाचावा, मग तारीख मोजावी.