जोडीचा प्रवास आणि मकबऱ्याचा पडदा

लग्नाच्या वाढदिवसाला दोन दिवसांसाठी एखादे ऐतिहासिक शहर पाहून येणे, ही प्रथा आमच्या विंचूर-निफाड परिसरातल्या नोकरदार आणि बागायतदार घरांत आता चांगली रुळली आहे. तिच्याविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांत दोनच सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा, जो पर्यटन-पुरवण्यांतून पाझरतो. दुसरा तुच्छतेचा, जो साहित्यिक व्यासपीठांवरून, ‘चंगळवाद’ या एका शब्दात सगळे उरकून, उच्चारला जातो. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक आणि एकमेकांचे जोडीदार. आम्हांला हे दोन्ही सूर अमान्य आहेत.

तुच्छतेचा समाचार आधी घेऊ. लग्ने होतात वैशाखाच्या आगेमागे, म्हणून वाढदिवसही तेव्हाच येतात. नेमक्या त्याच दिवसांत द्राक्षबागेची खरड छाटणी आटोपलेली असते, उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की बाजारात न्यायचा याचा निर्णय व्हायचा असतो आणि ऊन डोक्यावर तापत असते. त्यातून दोन दिवस काढणे ही चैन नव्हे, ती ओढाताण आहे. आमच्या आयांच्या पिढीने जोडीने प्रवास केला तो वणीचा, त्र्यंबकेश्वरचा, जेजुरीचा. त्यात सासू असे, मुले असत, नवस असे आणि उतरल्या जागी चूल मांडण्याचे काम बाईकडेच असे. कोणताही नवस फेडायचा नसताना, केवळ सोबतीसाठी नवऱ्याबरोबर घराबाहेर पडलेली स्त्री हे आमच्या गावाच्या दृष्टीने नवे दृश्य आहे. त्याला हसणाऱ्यांनी ‘अपूर्वाई’ (१९६०) पुन्हा उघडावे. मराठीतले सर्वांत लाडके प्रवासवर्णन एका जोडप्याच्याच प्रवासाचे आहे. आणि त्या जोडप्यातल्या दुसऱ्या व्यक्तीची बाजू वाचायला मराठी वाचकाला ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) येईपर्यंत थांबावे लागले, हेही त्यांनी विसरू नये.

तेव्हा जोडप्याने जावे की नाही, हा आमचा वाद नाही. जाऊन त्यांच्या हाती काय दिले जाते, हा आहे.

विंचूरहून सर्वांत सोयीचे ऐतिहासिक शहर म्हणजे औरंगाबाद. २०२३ पासून अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर. वाटेत येवला लागते. येवल्यात थांबणे होते, पण पैठणीपुरते. याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, हे प्रवासाच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते. पुढे शहरात शिरले की पहिला मान बीबी का मकबऱ्याचा. ‘दख्खनचा ताज’ अशी त्याची ओळख करून दिली जाते, आणि ताज म्हणजे प्रेम या ठरलेल्या समीकरणाने जोडपे घुमटासमोर उभे राहते. छायाचित्र निघते. इतिहास पाहून झाला.

या एका छायाचित्रात किती गोष्टी झाकल्या जातात ते पाहा. मकबरा दिलरस बानू बेगमेचा. ती औरंगजेबाची पत्नी. पण परंपरेने ही वास्तू उभारण्याचे श्रेय दिले जाते ते तिचा मुलगा आझमशहा याला. म्हणजे हे नवऱ्याने बायकोसाठी बांधलेले स्मारक म्हणून मिरवावे, तर ते मुलाने आईसाठी बांधलेले निघते. दिलरस १६५७ मध्ये गेली, पाचव्या अपत्याच्या जन्मानंतर महिन्याभरात. ज्या ताजची ही प्रतिकृती मानली जाते, त्यातली मुमताज १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली. लग्नाच्या वाढदिवसाला जिथे हसून उभे राहायचे, ती दोन्ही ठिकाणे बाळंतपणाने मेलेल्या स्त्रियांची थडगी आहेत. हे सांगितल्याने कुणाचा आनंद हिरावला जाईल असे आम्हांला वाटत नाही. उलट, ज्या घरात आजीच्या किंवा पणजीच्या अशा मृत्यूची आठवण आहे (आणि ती कोणत्या घरात नाही?), तिथल्या स्त्रीला ही वास्तू अचानक आपली वाटेल.

वास्तूचे अंगही असेच बोलके आहे. संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधला भाग आपल्याच काळ्या बेसॉल्टचा, वर पांढऱ्या गिलाव्याचा हात. बांधकामाला सुमारे पावणेसात लाख रुपये लागल्याची नोंद आहे. प्रवेशद्वारावरच्या लेखात रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. मुघल थडग्याच्या दारावर हिंदू अभियंत्याचे नाव कोरलेले सापडते, आणि नेमके तेच दार ओलांडून लोक घाईने घुमटाकडे जातात.

इतिहासाचा पडदा करण्याला आम्ही एवढा आक्षेप का घेतो? कारण पडदा कोरा असतो, आणि कोऱ्या जागेवर दुसरे कुणीतरी लिहून जाते. २०२५ मध्ये खुलताबादेतली औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीवरून महाराष्ट्र तापला. मार्चमध्ये नागपुरात हिंसाचार झाला. त्या वेळी हिरीरीने बोलणाऱ्या किती जणांना ठाऊक होते की त्याच खुलताबादेत मलिक अंबरचीही कबर आहे? गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस मुघलांशी आयुष्यभर झुंजला. ज्या खडकीला त्याने नगर म्हणून वसवले, तेच हे शहर. नहर-ए-अंबरी या त्याच्या जमिनीखालच्या जलवाहिन्यांनी शहराला पाणी पाजले. ज्यांना इतिहास केवळ छायाचित्रामागचा देखावा म्हणून दाखवला, त्यांना तो उद्या केवळ रणभूमी म्हणून विकणे सोपे जाते. दोन्हींत माहिती सारखीच कमी लागते.

यावर तिसरा मार्ग आहे आणि तो अवघड नाही: इतिहासाशी शेजाराचे नाते ठेवणे. शेजाऱ्याची आपण पूजा करत नाही, त्याचे घरही पाडत नाही. त्याचे नाव, त्याची माणसे, त्याची सुखदुःखे आपल्याला ठाऊक असतात. वली दखनी आणि सिराज औरंगाबादी हे उर्दूचे आद्य कवी या शहराचे. वलीची अहमदाबादेतली कबर २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त केली गेली. मराठी कवितेवर प्रेम करणाऱ्या जोडप्याला या दोघांची नावे तरी ठाऊक असायला हवीत. मकबऱ्यापासून फार दूर नसलेल्या नागसेनवनात आंबेडकरांनी उभे केलेले मिलिंद महाविद्यालय आहे. दलित साहित्याला घडवणारे ‘अस्मितादर्श’ याच शहरातून निघाले. विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ च्या ठरावानंतर १४ जानेवारी १९९४ पर्यंत माणसे झगडली. ज्या वेरूळला लोक कैलास लेणे पाहायला जातात, तिथल्या चक्रधरांच्या वास्तव्याच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त आहेत. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्या भूमीवरून चालत गेला, तिथे मराठी माणसाला मराठीतून हे सांगणारी एक पाटी असू नये?

कुणी म्हणेल, ‘लोक विसाव्याला जातात, अभ्यासाला नव्हे.’ हा आक्षेप आम्हांला माणसाचा अपमान करणारा वाटतो. विसाव्यात माणसाचे कुतूहल मरत नाही. उलट तेव्हाच ते जागे होते. वरसईचे गोडसे भटजी निघाले ते दक्षिणेच्या आशेने, इतिहास पाहायला नव्हे. पण ‘माझा प्रवास’ लिहिताना झाशीचा विध्वंस त्यांनी असा मांडला की १८५७ समजून घ्यायला आजही त्यांच्याकडे जावे लागते. पाहणाऱ्याने डोळे उघडे ठेवले, एवढाच फरक.

आणि हा शेजार घरापासून सुरू होतो. विंचूरची ओळख आज विचारली तर कांद्याचा उपबाजार आणि वाइन पार्क ही उत्तरे येतात. पानिपतात (१७६१) लढलेले विठ्ठल शिवदेव इथल्याच जहागिरीचे मूळपुरुष. त्यांच्या घराण्याच्या पुण्यातल्या वाड्याचे नाव टिळकांच्या गणेशोत्सवाशी जोडलेले आहे. पुण्याला जाऊन विंचूरकर वाडा विचारणाऱ्या माणसाला विंचूर कुठे आहे हे ठाऊक नसावे, यातच सगळे आले.

तेव्हा जोडप्यांनो, अवश्य जा. मंगळवार तेवढा टाळा, त्या दिवशी वेरूळ बंद असते. छायाचित्रही काढा. मात्र काढण्यापूर्वी, मागे जी बाई निजली आहे तिचे नाव एकमेकांना सांगा.